मोबाइलमधले 'लिंकिंग' : काय ठेवायचे, काय काढायचे?

पीक पाहणीची मुदत संपायला दोनच दिवस उरले होते. चावडीसमोरच्या पारावर सात-आठ जण मोबाइल हातात धरून बसले होते. कुणाला गट नंबर सापडत नव्हता, कुणाचा ओटीपी येत नव्हता. त्यातले एक काका मात्र अगदीच हिरमुसले होते. तीन एकर सोयाबीन उभे, बांधावर जाऊन फोटो काढायचा तेवढा बाकी. पण अ‍ॅप म्हणते आधी नवीन आवृत्ती घ्या, आणि नवीन आवृत्ती घ्यायला गेले की फोन म्हणतो जागा शिल्लक नाही.

घरी पुतण्याने फोन हातात घेतला. गेम, खरेदीचे अ‍ॅप, बातम्यांचे अ‍ॅप, काकांनी कधी उघडलेही नव्हते असे दहा-बारा चौकोन त्याला दिसले. काही निघाले, काही निघता निघेनात. मग जे निघेना ते त्याने बंद करायला सुरुवात केली. त्या भरात 'गुगल प्ले सर्व्हिसेस' नावाचे एक प्रकरणही बंद करून टाकले. जागा थोडीशी झाली खरी, पण आता काकांचा फोन शेतात उभा राहून शेतच ओळखेना. लोकेशन लागेना, फोटो चढेना.

"फोन बिघडला बघा तलाठीसाहेब," काका म्हणाले. साहेबांनी फोन पाहिला आणि हसून म्हणाले, "फोन नाही बिघडला काका. तण काढता काढता तुम्ही पिकाचीच मुळी तोडली."

बंद केलेले अ‍ॅप परत सुरू केले, व्हॉट्सअ‍ॅपवरचे लग्नाचे आणि वाढदिवसाचे व्हिडिओ पुसले, आणि संध्याकाळपर्यंत पाहणी नोंदली गेली. काकांचे काम झाले. पण मंडळी, प्रत्येकाला असा साहेब वेळेवर भेटतोच असे नाही. पेरा नोंदला नाही तर सातबारा कोरा राहतो. आणि कोरा सातबारा घेऊन हमीभाव केंद्रावर गेलात की काय उत्तर मिळते ते तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून आज विषय घेतला आहे तो मोबाइलचा. नवा फोन घेतला की त्यात आधीच भरून आलेली जी अ‍ॅप असतात, ती खरोखर लागतात का? सगळी ठेवावीत का? सगळी काढावीत का? की काही ठेवावीत, काही काढावीत? आणि ते ओळखायचे कसे?

युरियाच्या गोणीबरोबर आलेली बाटली

खताच्या दुकानात लिंकिंग म्हणजे काय हे शेतकऱ्याला शिकवायची गरज नाही. तुम्ही जाता युरियाच्या दोन गोण्या घ्यायला. दुकानदार म्हणतो, युरिया देतो, पण ही सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली घ्यावी लागेल. बाटली तुम्हाला नको असते. पण हंगाम तोंडावर, युरियाची टंचाई, म्हणून मुकाट्याने पैसे मोजता. बाटली घरात कोपऱ्यात धूळ खात पडते.

मोबाइलमध्येही हेच घडते. फरक एवढाच की खताच्या लिंकिंगमध्ये बाटली डोळ्यांना दिसते आणि पावती फाटते. मोबाइलमध्ये पावती फाटत नाही. फोनची कंपनी वेगवेगळ्या अ‍ॅपवाल्यांकडून पैसे घेते आणि त्यांची अ‍ॅप फोनमध्ये आधीच टाकून देते. कंपन्यांचे म्हणणे असे की त्या पैशामुळेच स्वस्त फोन स्वस्तात देता येतो. त्यात तथ्य नाही असे नाही. पण मग उरलेली किंमत कोण मोजतो? तुम्हीच मोजता. फोनमधली जागा तुमची, बॅटरी तुमची, रिचार्जमधला डेटा तुमचा, आणि दिवसभर टिंग टिंग वाजणाऱ्या जाहिराती पाहणारे डोळेही तुमचेच.

मात्र सगळीच अ‍ॅप ही लिंकिंगची बाटली नसतात. काही अ‍ॅप म्हणजे साक्षात युरियाची गोणीच असते. पुतण्याची चूक झाली ती इथे. त्याने बाटली आणि गोणी एकाच तराजूत टाकली.

तीन ढीग करा

भुईमूग काढल्यावर आपण शेंगा वेगळ्या करतो, पाला वेगळा करतो, माती झटकून टाकतो. फोनमधल्या अ‍ॅपचेही तसेच तीन ढीग करा.

पहिला ढीग, ज्यावाचून फोन हा फोनच राहत नाही. फोन लावणे-उचलणे, मेसेज, सेटिंग्ज, टाइप करायचा कीबोर्ड, पडद्यावरची सारी मांडणी सांभाळणारे 'सिस्टीम यूआय', नवीन अ‍ॅप बसवणारा 'पॅकेज इन्स्टॉलर', प्ले स्टोअर, गुगल प्ले सर्व्हिसेस, 'अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू'. यातल्या कित्येकांना पडद्यावर चित्रही नसते. ती पडद्यामागे राबत असतात. घरातल्या माजघरात राबणारी माणसे पाहुण्याला दिसत नाहीत, पण ती एक दिवस नसली तर चूल पेटत नाही, तसे.

दुसरा ढीग, कामाची पण बदलता येणारी. ब्राउझर, फोटो पाहण्याचे अ‍ॅप, गाणी, घड्याळ, कॅल्क्युलेटर, ईमेल, नकाशा. यांचे काम लागते, पण हेच अ‍ॅप लागते असे नाही. एकाच कामाला दोन-दोन अ‍ॅप आलेली असतात. एक फोनच्या कंपनीचे, एक गुगलचे. दोन बैलांची गरज नसताना दोन दावणी कशाला?

तिसरा ढीग, शुद्ध लिंकिंग. गेम, खरेदीची अ‍ॅप, कर्ज देतो म्हणणारी अ‍ॅप, थीम आणि वॉलपेपरची दुकाने, बातम्यांचे फलक, प्ले स्टोअर असताना आणखी एक दुसरे स्टोअर. यातली बरीचशी सरळ काढून टाकता येतात. काढली तर फोनचे काहीही बिघडत नाही.

ज्याला हात लावायचा नाही

पहिल्या ढिगाबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण नुकसान होते ते इथेच.

गुगल प्ले सर्व्हिसेस हे नाव जाहिरातीसारखे वाटते. पण आजच्या अँड्रॉइड फोनमध्ये अनेक अ‍ॅपना तुमचे ठिकाण सांगण्याचे, संदेश आल्याची वर्दी पोचवण्याचे काम त्याच्याकडून होते. ते बंद केले की पीक पाहणीचे लोकेशन अडू शकते, व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश उशिरा येऊ लागतात, काही अ‍ॅप उघडायलाच तयार होत नाहीत. बॅटरीच्या यादीत ते बऱ्याचदा वरच्या नंबरावर दिसते म्हणून लोक चिडतात. पण पाटाच्या मोटरीला वीज जास्त लागते म्हणून आपण मोटर काढून टाकत नाही.

वेबव्ह्यूचे उदाहरण त्याहून बोलके आहे. अ‍ॅपच्या आत एखादे वेबपान दाखवायचे असेल तर ते दाखवण्याचे काम हा वेबव्ह्यू करतो. मार्च २०२१ मध्ये या वेबव्ह्यूची एक सदोष आवृत्ती जगभरच्या फोनांत गेली आणि जीमेलसह अनेक अ‍ॅप उघडता उघडता धडाधड बंद पडू लागली. गुगलने दुरुस्त आवृत्ती पाठवली तेव्हा गाडी रुळावर आली. ज्याचे नावही कुणाला ठाऊक नव्हते, त्याच्या एका बिघाडाने जगाची कामे खोळंबली.

तिसरे उदाहरण आपल्या सगळ्यांच्या आठवणीतले आहे. २०२३ च्या जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर महिन्यांत देशभर अनेकांचे फोन एकाएकी मोठ्याने भोंगा वाजवू लागले आणि पडद्यावर आपत्कालीन इशारा झळकला. शेतात, बाजारात लोक दचकले होते. ती चाचणी होती. पूर, वादळ, भूकंप अशा वेळी एखाद्या भागातल्या सगळ्या फोनांवर एकदम इशारा पोचवण्यासाठी दूरसंचार विभाग आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण यांनी ती घेतली. तो इशारा दाखवणारे अ‍ॅपही फोनमध्ये आधीपासून असते. त्याला चित्र नाही, रोजचे काम नाही. वर्षभर गप्प बसते. पण नदीकाठच्या गावाला एका रात्री तेच लागणार आहे. म्हणून 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट' असे काही दिसले तर त्याला हात लावू नका, त्याचा आवाजही बंद करू नका.

चौथी गोष्ट 'प्ले प्रोटेक्ट' नावाच्या पहारेकऱ्याची. प्ले स्टोअरमध्येच त्याचे ठाणे असते. बाहेरून आलेले अ‍ॅप घातक आहे का ते तो तपासतो. पीएम किसानच्या नावाने, वाहनाच्या दंडाच्या पावतीच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर 'एपीके' फाइल पाठवून बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार आपल्या राज्यातही घडले आहेत. अशी फाइल बसवताना पहारेकरी हटकतो. तेव्हा तो अडथळा आणतो म्हणून त्यालाच बंद करा, असे कुणी फोनवरून सांगू लागला तर तो माणूस चोर आहे हे ओळखा आणि फोन ठेवून द्या.

आणखी एक. पीएम किसानची केवायसी चेहरा दाखवून करायची सोय जून २०२३ पासून झाली. त्यासाठी 'आधार फेस आरडी' नावाचे एक जोड अ‍ॅप लागते. ते फोनबरोबर येत नाही, आपण बसवलेले असते. पण त्याला पडद्यावर चित्र नसल्याने यादीत दिसले की लोक म्हणतात, हे कुठून घुसले? आणि काढून टाकतात. मग पुढच्या वेळी चेहरा दाखवताना गाडी अडते. तेव्हा नाव ओळखीचे नाही म्हणून काढले, असे करू नका. आधी विचारा, मग काढा.

'काढा' आणि 'बंद करा' यात फरक आहे

आता तुम्ही म्हणाल, तिसऱ्या ढिगातली काही अ‍ॅप काढायला गेले तर 'अनइन्स्टॉल' हे बटणच दिसत नाही. तिथे 'डिसेबल' किंवा मराठीत 'अक्षम करा' असे येते. ते का?

फोनच्या साठवणीचे दोन भाग असतात. एक तुमच्या वापराचा, दुसरा कंपनीने कुलूप लावलेला. कुलपातल्या भागात जे अ‍ॅप बसवले आहे ते तुम्हाला पुसता येत नाही. घराच्या पायात घातलेला दगड जसा काढता येत नाही, तसे. 'अक्षम करा' म्हटले की ते अ‍ॅप झोपी जाते. चित्र दिसेनासे होते, जाहिराती बंद होतात, मागच्या दाराने डेटा आणि बॅटरी खाणे थांबते. नंतर घेतलेली त्याची अपडेट आणि साठवलेली माहिती जाते, तेवढी जागा मोकळी होते. पण मूळ दगड जिथे आहे तिथेच राहतो.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, अक्षम केलेले अ‍ॅप परत सुरू करता येते, म्हणून चूक झाली तरी घाबरायचे कारण नाही. एका वेळी एकच अ‍ॅप बंद करा, दोन दिवस फोन वापरा, सगळे ठीक चालले तर पुढचे बंद करा. पुतण्याने एका दमात दहा बंद केली, म्हणून कशामुळे बिघडले तेच त्याला कळेना. दुसरी, अक्षम केल्याने कोठार फारसे रिकामे होत नाही, खळे मात्र मोकळे होते. कोठार म्हणजे स्टोरेज, जिथे माल साठतो. खळे म्हणजे रॅम, जिथे मळणी चालते. खळ्यात दहा जणांनी बसकण मांडली असेल तर मळणी कशी होणार? त्यांना उठवले की फोन जरा चपळ होतो.

काही हुशार पोरे संगणकाला वायर जोडून, आज्ञा टाइप करून ही कुलपातली अ‍ॅपही काढून दाखवतात. त्या वाटेला जाण्यापूर्वी दहादा विचार करा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये कंपनीचे स्वतःचे सुरक्षा अ‍ॅप असे काढले की फोन कंपनीच्या नावावरच अडकून बसतो, पुढे सुरूच होत नाही. मग सगळी माहिती पुसून फोन कोरा करावा लागतो. फोटो गेले, नंबर गेले. फोन 'रूट' करण्याचा उद्योग तर त्याहून महाग पडतो. वॉरंटी धोक्यात येते आणि बँकेची बरीच अ‍ॅप अशा फोनवर चालायला नकार देतात.

दिल्लीत झालेला निवाडा

हा प्रश्न केवळ आपल्या पारावरचा नाही. त्यावर मोठमोठ्या निवाड्यांची कागदपत्रे तयार झाली आहेत.

२० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला १३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड केला. आयोगाचे म्हणणे थोडक्यात असे, की फोन बनवणाऱ्या कंपनीला प्ले स्टोअर हवे असेल तर गुगलची बाकीची अ‍ॅपही एकगठ्ठा घ्यावीच लागतात, आणि ग्राहकाला ती काढून टाकण्याची मोकळीक नसते. सरळ भाषेत सांगायचे तर प्ले स्टोअर ही युरियाची गोणी आणि बाकीची अ‍ॅप ही बाटली. आयोगाने हे लिंकिंग चुकीचे ठरवले. गुगलची आधीच भरलेली अ‍ॅप काढायला ग्राहकाला मज्जाव करू नये, असेही बजावले.

गुगलने अपील केले. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेशाला स्थगिती द्यायला नकार दिला, आणि त्याच महिन्यात गुगलने जाहीर केले की भारतात फोन बनवणाऱ्या कंपन्यांना गठ्ठा न घेता सुटी अ‍ॅप घेता येतील. पुढे २९ मार्च २०२३ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला. पण आयोगाचे काही निर्देश रद्द केले, त्यात अ‍ॅप काढू देण्याचा निर्देशही गेला. म्हणजे दंड राहिला, पण आपल्या कामाचे कलम गळाले. युरोपातही याच प्रकारच्या तक्रारीवरून २०१८ मध्ये गुगलला चारशे कोटी युरोंहून जास्त दंड झाला होता.

तेव्हा मंडळी, एवढे मोठे आयोग आणि न्यायाधिकरणे ज्या गाठीशी झगडतात, ती गाठ आपल्या एका बोटाने सुटणार नाही. पण ती आहे हे ठाऊक असले की फोन घेताना आपण डोळे उघडे ठेवतो.

सरकारी अ‍ॅपचे काय?

कुणी म्हणेल, कंपन्या नफ्यासाठी भरतात, पण सरकारने लोकांच्या भल्याचे अ‍ॅप आधीच भरून दिले तर काय बिघडले? हा प्रश्नही येऊन गेला आहे.

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने फोन कंपन्यांना आदेश दिला, की नव्वद दिवसांच्या आत प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' अ‍ॅप आधीच बसवलेले असावे आणि त्याच्या सोयी बंद करता येऊ नयेत. संचार साथी अ‍ॅप चांगले आहे यात वाद नाही. हरवलेला फोन बंद पाडता येतो, आपल्या नावावर किती सिमकार्ड निघाली आहेत ते कळते, फसवणुकीच्या फोनची तक्रार करता येते. गावात हे प्रत्येकाला ठाऊक हवे. पण सक्तीवरून देशभर गदारोळ झाला. ज्याला काढता येत नाही ते अ‍ॅप आपल्यावर नजर ठेवणार नाही कशावरून, असे लोक विचारू लागले. मंत्र्यांनी खुलासा केला की ज्याला नको त्याने काढावे. शेवटी ३ डिसेंबर २०२५ रोजी सक्ती मागे घेण्यात आली. अवघ्या पाच-सहा दिवसांत हे सारे घडले.

त्याआधीची एक गंमत जुन्या लोकांना आठवत असेल. ऑगस्ट २०१८ मध्ये देशातल्या असंख्य फोनांच्या नंबर यादीत आधार प्राधिकरणाचा जुना मदत क्रमांक आपोआप दिसू लागला. कुणी साठवला नव्हता. लोक घाबरले, सरकारवर संशय घेऊ लागले. मग गुगलने कबूल केले की २०१४ मध्ये फोन सुरू करण्याच्या त्यांच्या प्रणालीत तो क्रमांक नजरचुकीने घातला गेला होता. नुकसान काही झाले नाही. पण न विचारता घरात ठेवलेली वस्तू, मग ती चांगली का असेना, मनात शंका आणतेच.

या दोन्ही गोष्टींतून निघणारा अर्थ एकच. चांगले असेल ते सांगून, समजावून द्या. लोक घेतात. अ‍ॅप उपयोगी असणे वेगळे आणि ते काढता न येणे वेगळे.

जागा नेमकी खाते कोण?

आता थोडे आपल्याही पदराखाली पाहू. फोन भरला की आपण कंपनीला शिव्या देतो. डब्यावर ३२ जीबी लिहिलेले असते, पण नव्या फोनची प्रणाली आणि आधीची अ‍ॅप मिळून बरीच जागा सुरुवातीलाच घेऊन बसतात, हे खरे आहे. पण उरलेली कोण खाते?

आपल्या बहुतेकांच्या फोनमध्ये उत्तर एकच, व्हॉट्सअ‍ॅप. गावाचा गट, भावकीचा गट, सोसायटीचा गट, दूध संघाचा गट. सकाळी उगवत्या सूर्याची आणि फुलांची चित्रे, दुपारी भाषणे, रात्री कीर्तन. एकच व्हिडिओ चार गटांतून चार वेळा येतो. शुभ सकाळच्या चित्रांनी भारतातले फोन भरतात, ही गोष्ट २०१८ मध्ये परदेशी वर्तमानपत्रांपर्यंत पोचली होती. गुगलने फाइल साफ करण्याचे जे अ‍ॅप काढले त्यात अशी चित्रे शोधून देण्याची सोय मुद्दाम भारतीयांसाठी केली.

म्हणून आधी हे करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज आणि डेटा' इथे जा. तिथे कोणत्या गटाने किती जागा खाल्ली ते दिसते. मोठे व्हिडिओ पुसा. आलेली चित्रे-व्हिडिओ आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करा. नंतर सेटिंग्ज, मग अ‍ॅप्स असे जाऊन ज्या अ‍ॅपचा 'कॅशे' मोठा दिसेल तो साफ करा. कॅशे म्हणजे कामासाठी साठवलेली तात्पुरती रद्दी, ती साफ केल्याने तुमची माहिती जात नाही. मात्र शेजारचे 'डेटा साफ करा' हे बटण दाबू नका. त्याने अ‍ॅपमधली नोंद जाते आणि पुन्हा सगळे पहिल्यापासून भरावे लागते.

मग तिसऱ्या ढिगातली अ‍ॅप काढा. मग दुसऱ्या ढिगातली दुबार अ‍ॅप एकेक करून अक्षम करा. आणि पहिला ढीग आहे तसा राहू द्या. हा क्रम पाळला असता तर त्या काकांचा फोन आदल्याच दिवशी मोकळा झाला असता.

मोकळ्या झालेल्या जागेत काय ठेवायचे तेही ठरवा. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, ती आता दर हंगामाची गोष्ट आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' अ‍ॅप वीज पडण्याचा इशारा देते. हवामान खात्याचे 'मेघदूत' अ‍ॅप पीक सल्ला देते. वळवाच्या पावसात झाडाखाली उभ्या राहणाऱ्या माणसाला दामिनीची किंमत कुठल्याही गेमपेक्षा जास्त आहे.

गावातल्या कर्मचाऱ्यांसाठी चार शब्द

ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी, कृषी खात्याचे कर्मचारी, आशा आणि अंगणवाडीताई, या सगळ्यांचे काम आज अ‍ॅपवर चालते. फोन कमजोर असला तर काम अडते, आणि बोलणी मात्र माणसाला बसतात. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले होते. फोनची रॅम अवघी २ जीबी, त्यात पोषण ट्रॅकरचे अ‍ॅप चालता चालेना, फोन तापतो, अडकतो, ही त्यांची तक्रार होती. त्या बायांनी तांत्रिक शब्द न वापरता तंत्राचाच मुद्दा मांडला. खळे लहान आणि मळणी मोठी.

यातून घेण्यासारखे हे. खात्याने फोन घेताना नुसत्या किमतीवर न जाता त्यात रिकामी जागा किती, रॅम किती आणि नको ती अ‍ॅप किती, हे पाहून घ्यावे. वाटण्यापूर्वी तिसरा ढीग काढून टाकावा. आणि पीक पाहणीच्या मुदतीआधी आठ दिवस चावडीवर किंवा ग्रामपंचायतीत एक दिवस फोन साफ करण्यासाठी ठेवावा. कॉलेजात जाणारी दोन-तीन पोरे बसवली तरी पुरे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी होणारी रडारड त्याने निम्मी कमी होईल.

नवा फोन घेताना

नवा फोन पहिल्यांदा सुरू करताना 'शिफारस केलेली अ‍ॅप' म्हणून एक यादी येते. त्यात खुणा आधीच केलेल्या असतात. आपण घाईने 'पुढे', 'पुढे' दाबत जातो आणि दहा अ‍ॅप आपल्याच हाताने बसवून घेतो. त्या खुणा काढा. पडदा बंद असताना दिसणाऱ्या बातम्या-चित्रांची सोय नको म्हणा, मागाहूनही ती सेटिंग्जमध्ये बंद करता येते. दुकानदाराला 'तुम्हीच चालू करून द्या' असे सांगू नका. त्याला घाई असते. घरी या, चष्मा लावा, प्रत्येक पान वाचून पुढे जा. बैल घेताना दात पाहतो, बियाणे घेताना पिशवीवरची तारीख पाहतो, तर दहा हजारांच्या फोनला अर्धा तास द्यायला काय हरकत आहे?

तर मंडळी, मूळ प्रश्नाचे उत्तर असे. फोनबरोबर आलेली सगळी अ‍ॅप गरजेची नाहीत, आणि सगळी बिनकामाचीही नाहीत. थोडी फोनचा प्राण आहेत, थोडी सोयीची आहेत, आणि बाकीची कुणाच्या तरी धंद्याची आहेत. निंदणी करणाऱ्या बाईला पीक कोणते आणि तण कोणते हे डोळे झाकून कळते, कारण तिने दोन्ही उगवताना पाहिलेले असते. आपल्याला फोनची तेवढी ओळख अजून झालेली नाही, म्हणून विळा जरा सावकाश चालवा.

आणि पीक पाहणीचा फोटो शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका. आज रात्री जेवण झाले की फोन घेऊन बसा, व्हॉट्सअ‍ॅपमधला एक गट उघडा आणि जुने व्हिडिओ पुसायला लागा. उद्या सकाळी बांधावर जाल तेव्हा फोन म्हणणार नाही, जागा शिल्लक नाही.